शील मोडले की मन आजारी पडले?

पंचशीलातील दुसरे शील आपण विहारात म्हणतो, घरी म्हणतो, लग्नाच्या मंडपातही म्हणतो. दुसऱ्याने दिलेले नाही ते आपण घ्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाच शिलांत समजायला हेच सर्वांत सोपे, असे आपल्याला वाटते. दारू सोडताना माणूस झगडतो, खोटे न बोलणे तर भल्याभल्यांना जमत नाही, पण चोरी? कष्टाची भाकर खाणाऱ्या माणसाला ती न करणे अवघड का जावे? एका घरात मात्र हे सोपे शील फार अवघड होऊन बसले होते. ती हकिगत प्रथम सांगतो. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वर्षावासातील एका रविवारी वंदना आटोपली, लोक पांगले, आणि पन्नाशीच्या एक बाई मागे थांबल्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घराने दीक्षा घेतलेली. मुलगा नोकरीला, सूनही शिकलेली आणि एका कचेरीत कामाला. बाई बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाल्या, "दादा, आमची सून चोरी करते."

हळूहळू सगळे बाहेर आले. सुनेच्या पलंगाखालच्या ट्रंकेत त्यांना केसांच्या पिना, नखरंगाच्या बाटल्या, कंगवे, खोडरबर आणि चहाचे चमचे सापडले होते. एकही वस्तू वापरलेली नव्हती. किमतीच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. सगळ्यांची मिळून किंमत तिच्या दोन-तीन दिवसांच्या पगाराएवढीही भरली नसती. शेवटी एका दुकानात ती पकडली गेली. दुकानदाराने नवऱ्याला बोलावून घेतले, चारचौघांत वाटेल ते बोलला. घरी आल्यावर ती रडत एवढेच म्हणाली, "मला ते नको होतं. घेतल्याशिवाय हात थांबत नव्हता."

"दादा, आम्ही देव सोडले, उपासतापास सोडले, धम्म घेतला. मग हे घरात कुठून आलं? शेजारी म्हणतात, धर्म बदलला तरी जात कुठं बदलते. माझा दीर म्हणतो, हिला देवऋषाकडे न्या. पोरगा म्हणतो, माहेरी धाडतो. तुम्ही सांगा, हिनं शील मोडलं का नाही?"

बाईंचा प्रश्न वरवर एका सुनेचा आहे, पण त्यात आपल्या सर्वांचा प्रश्न आहे. ज्या कृत्याला आपण पाप, दुर्गुण, शीलभंग म्हणतो, ते आजारातून घडले तर त्या माणसाला दोषी धरायचे की रोगी? आणि रोगी म्हटले तर त्याची जबाबदारी संपली का?

चोरी एकच, कारणे तीन

चोरी ही बाहेरून एकसारखी दिसते. दुसऱ्याची वस्तू उचलली, झाले. पण कारणे पाहिली तर तिचे निदान तीन प्रकार पडतात.

पहिली भुकेची चोरी. दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले आहे की, राजाने दरिद्री लोकांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोरीतून शस्त्रे आणि हत्या आल्या. त्याच निकायातील कूटदंत सुत्तात राज्यातील लुटारूंचा बंदोबस्त शिक्षेने होत नाही असे म्हटले आहे. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन द्या, म्हणजे लुटालूट आपोआप थांबेल, असा उपाय तेथे सांगितला आहे. या चोरीचे औषध भाकर आणि रोजगार हे आहे.

दुसरी लोभाची चोरी. पोट भरलेले असताना अधिक हवे म्हणून केलेली. तराजूत मारणारा वाणी, मजुरीचे हजेरीपत्रक खोटे लिहिणारा मुकादम, संस्थेच्या निधीवर हात मारणारा चिटणीस हे सर्व तिच्यात येतात. या चोरीसाठी शील आहे आणि शीलाने भागले नाही तर कायदा आहे.

तिसरी चोरी या दोन्हींत बसत नाही. चोरणाऱ्याला वस्तूची गरज नसते आणि लोभही नसतो. पुष्कळदा ती विकत घेण्याइतके पैसे खिशात असतात. चोरलेली वस्तू तो टाकून देतो, कुणाला देऊन टाकतो, नुसती साठवून ठेवतो किंवा गुपचूप जागेवर परत नेऊन ठेवतो. हिला वैद्यकशास्त्रात क्लेप्टोमॅनिया म्हणतात. मराठीत चौर्योन्माद असा शब्द आहे.

हा आजार काय आहे

१८१६ साली मॅथी नावाच्या स्विस वैद्याने अशा रोग्यांसाठी प्रथम एक नाव सुचवले. १८३८ मध्ये एस्किरोल व मार्क या फ्रेंच वैद्यांनी आज रूढ असलेले नाव दिले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या रोगसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला आवेग न आवरण्याच्या विकारांत जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतही त्याची नोंद आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती कायम आहे.

लक्षणे अशी. वस्तू उचलण्याची ऊर्मी पुन्हापुन्हा येते आणि रोग्याला ती आवरत नाही. उचलण्यापूर्वी मनावर ताण चढत जातो. उचलताना क्षणभर सुटल्यासारखे, बरे वाटते. आणि मग लाज, भीती व पश्चात्ताप यांनी तो पोखरला जातो. ही चोरी सहसा आधी बेत करून केलेली नसते, तीत साथीदार नसतो. ती रागाने किंवा सूड म्हणून केलेली नसते, कानात आवाज ऐकू येतात म्हणूनही नसते. पुष्कळांना हा त्रास किशोरवयातच सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे तिपटीने आढळतो. त्याच्या जोडीला खिन्नता, चिंता किंवा खाण्यापिण्याचे विकार असतात, आणि लाजेपोटी जीव देण्याचा विचारही काहींच्या मनात येतो. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही.

मात्र हा आजार दुर्मिळ आहे, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. तज्ज्ञांच्या अंदाजाने हजारात तीन ते सहा माणसांना तो असतो. दुकानातून वस्तू उचलताना पकडलेल्या शंभर जणांत चार ते चोवीस जणांनाच तो आढळतो. म्हणजे पकडलेल्यांपैकी बहुतेक जण या आजाराचे रोगी नसतात. लहान मूल शेजारच्या घरून खेळणे उचलून आणते, तेव्हा त्यालाही हे नाव देऊ नये. तुझे-माझे यांतला भेद त्याला अजून शिकायचा असतो. उलट, जन्मभर सरळ वागलेले वडीलधारे माणूस उतारवयात अचानक वस्तू उचलू लागले तर त्याला बोल लावण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज होणाऱ्या एका विकारात असे घडते.

कोण रोगी आणि कोण चोर?

येथे आपल्यासारख्या वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. आजाराचे हे नाव श्रीमंतांच्या सोयीसाठी तर काढले नाही ना? शंका निराधार नाही. इतिहासच तिला आधार देतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांत मोठमोठी दुकाने उघडली. सर्व माल हाताला येईल असा मांडलेला. तेथे चांगल्या घरच्या स्त्रिया चोरी करताना सापडू लागल्या. १८९६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका धनाढ्य चहाव्यापाऱ्याची पत्नी एला कॅसल हिला लंडनमध्ये फरची वस्त्रे चोरल्याबद्दल अटक झाली. न्यायालयात तिने गुन्हा कबूल केला व तिला तीन महिन्यांची कैद झाली. पण डॉक्टरांनी तिची प्रकृती व मन आजारी असल्याचे सांगितले आणि काही दिवसांतच तिची सुटका झाली. ती खरोखर आजारी असेलही. पण त्याच शहरात पाव चोरणाऱ्या मोलकरणीसाठी डॉक्टर कोण बोलावणार?

त्याच इंग्रजांनी १८७१ साली आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरली. जमातच्या जमात चोर ठरवली गेली. त्या जमातीत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित झाले. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायला परवाना आणि कुठे कुठे तारेच्या कुंपणातली वसाहत असे त्यांचे आयुष्य झाले. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे तो त्यामुळेच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, आणि विमुक्त बांधव हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण तो कलंक लोकांच्या मनातून गेला का? लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तेव्हा मराठी वाचकाला कळले की, चोर म्हणून जन्माला घातलेला माणूस कसा जगतो.

दोन्ही गोष्टी एका वेळी मांडून पाहा. श्रीमंत बाईने चोरी केली तर तिचे मन आजारी. गरिबाने केली तर त्याचे रक्तच वाईट. एकाला वैद्य मिळाला आणि दुसऱ्याला बेडी. जातिव्यवस्थेने आपल्याशी जे केले तेच येथे दुसऱ्या नावाने झाले. माणसाने काय केले आणि का केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याची किंमत ठरली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. आजाराचे नाव पैसेवाल्यांनी वापरले म्हणून आजार खोटा ठरत नाही. क्षयरोग राजवाड्यातही होता म्हणून झोपडीतला क्षय खोटा ठरला नाही. उलट, जो न्याय लंडनमधल्या बाईला मिळाला तो आपल्या सुनेलाही मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे. दुसरे असे की, शेजाऱ्यांचे "धर्म बदलला तरी जात कुठं बदलते" हे वाक्य त्या १८७१ च्या कायद्याचेच भावंड आहे. त्या वाक्याला भिऊन आपण आपल्या माणसाला लपवले किंवा हाकलले, तर तो कायदा आपणच आपल्या घरात पुन्हा लागू केला असे होईल.

विनय काय सांगतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शील मोडले की नाही?

धम्मात कर्माची ओळख चेतनेवरून होते. चेतना म्हणजे जाणून केलेली इच्छा. अट्ठकथेत चोरीची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असावी, ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक असावे, मनात चोरीची बुद्धी असावी, तसा प्रयत्न व्हावा आणि वस्तू उचलली जावी. पाचांपैकी दोन अंगे मनाची आहेत. हाताने काय केले एवढेच पाहून धम्म निकाल देत नाही. विनयपिटकात भिक्खूने चोरी केली तर तो संघातून गेला, इतका कडक नियम आहे. पण त्या नियमालाच जोडून सांगितले आहे की, ज्याचे चित्त भ्रमिष्ट झाले आहे त्याला हा दोष लागत नाही.

चुल्लवग्गात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिगत आहे. त्याचे चित्त बिघडले असताना त्याच्या हातून पुष्कळ अनुचित गोष्टी घडल्या. बरा झाल्यावर इतर भिक्खू त्याला त्या गोष्टींवरून टोचत राहिले. तो म्हणे, मी भ्रमात होतो, मला आठवत नाही. तरी ते थांबेनात. तेव्हा भगवंतांनी संघाला सांगितले की, गग्गाला दोषमुक्त करा. या निवाड्याला अमूळ्ह-विनय म्हणतात. त्याबरोबर भगवंतांनी दाराला कडीही लावली. ज्याला सर्व आठवते आणि जो आठवत नाही म्हणतो, किंवा जो वेडाचे सोंग घेतो, त्याला हा निवाडा देता येणार नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी रोग्याचे रक्षण आणि ढोंग्याचा बंदोबस्त या दोन्ही गोष्टी एकाच न्यायात बसवल्या, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

पण येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. आपली सून गग्ग नाही. तिला सर्व आठवते. वस्तू दुसऱ्याची आहे हे तिला उचलतानाही ठाऊक होते. म्हणून तिला संपूर्ण निर्दोष म्हणणे धम्माला धरून होणार नाही. देशाचा कायदाही येथेच थांबतो. १८६० च्या दंड संहितेचे ८४ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम, आपण काय करतो ते किंवा ते चूक आहे हे ज्याला मनाच्या विकारामुळे कळूच शकत नाही अशालाच सोडते. कळते पण आवरत नाही, असे म्हणणाऱ्याला ते कलम सहसा वाचवत नाही. त्याचा आजार फार तर शिक्षा ठरवताना लक्षात घेतला जातो. नव्या संहितेच्या ३०३ व्या कलमात मात्र एक माणुसकीची सोय आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा होते.

मग निर्दोषही नाही आणि चोरही नाही, तर ती आहे कोण? माझे उत्तर असे. तिच्या मनात त्या क्षणी दोन इच्छा भांडत होत्या. एक म्हणत होती घे, दुसरी म्हणत होती घेऊ नको. लोभी माणसाच्या मनात हे भांडण फार वेळ चालत नाही, कारण त्याला ती वस्तू हवी असते. हिला वस्तू नको होती, तरी हात गेला. त्या क्षणापुरती तिची सत्ता तिच्या हाती फार थोडी उरली होती, आणि जेवढी सत्ता तेवढीच जबाबदारी धरणे न्यायाचे आहे.

पण आयुष्य त्या एका क्षणाचे नसते. क्षयरोग्याला जंतू शिरल्याबद्दल कोणी दोष देत नाही. मात्र आपल्याला क्षय आहे हे कळल्यावर त्याने औषध घेतले नाही, तोंडावर फडके धरले नाही, मुलांना शेजारी घेऊन खोकत बसला, तर दोष त्याचा आहे. चौर्योन्मादाचेही तसेच. ऊर्मी आली याचा दोष रोग्याचा नाही. ती येते हे कळल्यावर लपवत राहणे की सांगणे, उपचार टाळणे की घेणे, घेतलेले परत करणे की ट्रंकेत दडवणे, हे ठरवताना तिचे मन शांत असते, आणि तेथे तिची जबाबदारी पूर्ण आहे. ऊर्मीच्या क्षणी कमी पडलेले शील या शांत वेळी भरून काढायचे असते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला आहे. नियम माणसाला आंधळेपणाने वागायला लावतो. तत्त्व त्याला विचार करायला व जबाबदारी घ्यायला लावते, आणि जबाबदारी संपली की धर्म संपला. पंचशील हे तत्त्व आहे. शिक्षापद या शब्दातच शिकणे आहे. एकदा घेतले आणि संपले असे असते तर आपण ते दर रविवारी पुन्हा का घेतो? माणूस अडखळेल हे धरूनच ते पुन्हा घ्यायचे आहे. म्हणून मोडलेले शील हे घराबाहेर काढण्याचे कारण होऊ शकत नाही.

घराने काय करावे

प्रथम, काय करू नये. देवऋषी, अंगारा, उतारा यांच्या वाटेला जाऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मागल्या जन्मीचे पाप असेही म्हणू नये; गतजन्माच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. चारचौघांत लाज काढू नये, कारण या रोग्याला लाज कमी नसते, जास्तच असते, आणि जास्त झालेली लाज त्याला विहिरीकडे नेते. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पांघरूणही घालू नये. दुकानदाराचे नुकसान हेही कुणाच्या तरी घामाचे असते.

मग करावे काय? मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ‘मनोरुग्णालय’ शब्दाने दचकू नये. बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी परत येता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी मदतीने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जात, धर्म, गरिबी पाहून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात आहे. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा दूरध्वनी आहे. तेथे पैसे पडत नाहीत.

उपचारात मुख्य भाग बोलण्याचा व सरावाचा असतो. ऊर्मी कोठे, केव्हा, कोणत्या मनःस्थितीत येते याची रोगी नोंद ठेवतो. उचलल्यावर पुढे काय काय घडेल, पकडले जाणे, पोलीस, मुलांचे चेहरे, हे सर्व तो डोळे मिटून तपशिलाने मनासमोर आणतो, म्हणजे पुढच्या वेळी ऊर्मीबरोबर ते चित्रही येते. ऊर्मी चढते तशी ओसरतेही, एवढा वेळ थांबायला तो शिकतो. वेदना उठली की ती पाहावी, तिच्यामागे धावू नये, हे सतिपट्ठान ऐकलेल्या आपल्या वाचकाला अगदीच अनोळखी वाटणार नाही; पण ध्यान हे डॉक्टरच्या जागी नाही, जोडीला आहे. या आजारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. व्यसनांवर वापरले जाणारे नाल्ट्रेक्झोन हे औषध २५ रोग्यांवर आठ आठवडे तपासले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ते घेणाऱ्यांची ऊर्मी व चोरी अधिक कमी झाली. पाहणी लहान आहे, आणि हे औषध यकृताची तपासणी करून डॉक्टरच देतात. जोडीला खिन्नता असेल तर तिचेही औषध लागते.

घरच्यांचे काम साधे आहे, पण रोजचे आहे. बाजारात तिला एकटी पाठवू नये. मोठी पिशवी, खोल खिसे टाळावेत. विचारपूस करावी, झडती घेऊ नये. पुन्हा घडले तर "हे ठरलेलंच होतं" असे म्हणू नये. वस्तू परत करावी, किंमत द्यावी, आणि पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगावे.

विहारातील उपासक-उपासिकांचेही एक काम आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रोग्याची सेवा करावी असे संघाला सांगितले. तो भिक्खू मळात पडला होता म्हणून इतर त्याच्याकडे फिरकत नव्हते. मनाच्या रोग्याचा मळ डोळ्यांना दिसत नाही, कुजबुजीतून कानावर येतो. ती कुजबुज विहाराच्या उंबरठ्याशी थांबली पाहिजे. आपल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे, तशी प्राणिमात्रांवर दया ठेवण्याचीही आहे. एक आठवते आणि दुसरी विसरते, अशी दीक्षा अर्धीच राहते.

त्या बाईंना मी यातले बरेचसे सांगितले. शेवटी म्हटले, "ताई, शील डळमळलं, हे खरं. पण ते सावरायला ती एकटी पुरणार नाही. तुम्ही तिच्याबरोबर दवाखान्यात जाल का?"

त्या गेल्या. मुलगा पहिल्या दोन वेळा गेला नाही, तिसऱ्या वेळी गेला. सुनेने सासूला बरोबर घेऊन, ज्या ज्या दुकानाची आठवण होती तेथे वस्तू परत नेऊन दिल्या. एकाने दारातून हाकलले, एकाने बसवून पाणी दिले. मध्यंतरी पुन्हा एकदा हात गेला. त्याच संध्याकाळी तिने आपणहून सांगितले. उपचार चालू आहेत. आजार गेला असे कुणी म्हटलेले नाही.

पण परवा वंदनेला दोघी शेजारी बसल्या होत्या. दुसरे शील आले तेव्हा सुनेचा आवाज जरा अडखळला. सासूने तिच्याकडे पाहिले नाही. आपला आवाज थोडा वाढवला, आणि दोघींनी ते शील मिळून पुरे म्हटले.

जयभीम.